इजेनच्या वाटेवरची कावड

जावा बेटाच्या पूर्व टोकाला, बालीसमोरच्या किनाऱ्यावर बान्युवांगी हे शहर आहे. जावानी भाषेत ‘बान्यु’ म्हणजे पाणी आणि ‘वांगी’ म्हणजे सुगंधी. पतीच्या संशयाला बळी पडलेल्या श्री तांजुंग नावाच्या निर्दोष स्त्रीची साक्ष देण्यासाठी नदीचे पाणी सुगंधी झाले, अशी तेथील लोककथा आहे. मात्र याच शहराच्या पश्चिमेस उभ्या असलेल्या इजेन पर्वतातून निघणाऱ्या एका नदीचे नाव ‘बान्यु पाहित’, म्हणजे कडू पाणी, असे आहे. सुगंधी पाण्याच्या गावाहून कडू पाण्याच्या उगमाकडे जाणारी वाट आता जगभरच्या प्रवाशांना परिचित झाली आहे. बालीला जाणाऱ्या भारतीय कुटुंबांपैकीही अनेक जण सामुद्रधुनी ओलांडून एका पहाटेसाठी येथे येतात.

कोल्हापूरच्या गूळबाजारात तीन पिढ्या आडत चालवणारे असेच एक कुटुंब बालीहून फेरीबोटीने केतापांगच्या धक्क्यावर उतरले. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असा परिवार होता. सामुद्रधुनी ओलांडली की घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, कारण बाली आणि जावा यांच्या वेळेत एका तासाचा फरक आहे. नातवाने सर्वांची घड्याळे लावून दिली. आजींनी मात्र आपले घड्याळ तसेच ठेवले. “नवकारसी सूर्य पाहून पाळायची, घड्याळ पाहून नव्हे,” असे त्या म्हणाल्या आणि सूर्यास्तापूर्वीच जेवण उरकून घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीपगाडी पाल्तुदिंगच्या तळावर पोहोचली. हे ठिकाण सुमारे १,८५० मीटर उंचीवर आहे. येथून विवराच्या कडेपर्यंतची वाट ३ किलोमीटरची आणि चढ जवळजवळ ५०० मीटरचा. पहिले दोन किलोमीटर छातीवरचा चढ, शेवटचा एक किलोमीटर तुलनेने सपाट. विवरातील प्रसिद्ध निळी ज्योत पाहू इच्छिणारे मध्यरात्रीनंतर लगेच निघतात, कारण ती फक्त अंधारात दिसते. ती लाव्ह्याची नसते. भेगांतून प्रचंड तापमानात बाहेर पडणारे गंधकयुक्त वायू हवेशी संयोग होताच पेट घेतात आणि त्यांची ज्वाला निळी दिसते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असल्याने या कुटुंबाने तो मोह टाळला व उजाडता-उजाडता वर पोहोचण्याचा बेत केला.

तळावरच पहिला पेच उभा राहिला. आजींचे वय ७१, गुडघे दुखरे. म्हणून मुलाने आदल्या संध्याकाळीच वाटाड्याकडून एक ढकलगाडी ठरवून घेतली होती. इजेनवर या दोनचाकी गाड्या आता सर्रास दिसतात. गादी टाकून प्रवाशाला बसवायचे, एकाने पुढून दोरीने ओढायचे, चढावर आणखी एकदोघांनी मागून रेटायचे. ओढणारे बहुतेक जण पूर्वी विवरातून गंधक वाहून आणणारे. थट्टेने ते या गाडीला ‘लाम्बोर्गिनी’ म्हणतात.

आजींनी गाडी पाहिली, ओढणाऱ्या तिघांकडे पाहिले आणि मान हलवली. “माणसाला बैलासारखे जुंपून मला डोंगर पाहायचा नाही.”

“अहो, शिखरजीला आपण डोलीत बसला होता की,” आजोबांनी आठवण करून दिली.

“बसले होते. तेव्हा नजर टोंकांकडे होती, डोलीवाल्याच्या पायांकडे गेली नाही. ती चूक पुन्हा कशाला?”

मुलगा गोंधळला. सून म्हणाली, “आई, तुम्ही चालत गेलात तर परत येताना गुडघे उभे राहू देणार नाहीत.” अखेर वाटाड्याने तोंड उघडले. तो आजींना आदराने ‘इबू’, म्हणजे आई, म्हणत होता. त्याने सरळ सांगितले की, इबू गाडीत बसल्या नाहीत तर हे तिघे घरी जाऊन विश्रांती घेणार नाहीत. ते कावड उचलून विवरात उतरतील. गाडी ओढण्यात घाम आहे, परंतु धूर नाही.

आजी थोडा वेळ स्तब्ध राहिल्या. मग त्यांनी मुलाला विचारले, “भाडे किती ठरले?” मुलाने आकडा सांगितला आणि सवयीने जोडले की, मूळ भाव याहून जास्त होता, घासाघीस करून पाचवा हिस्सा कमी करून घेतला. “तो पाचवा हिस्सा परत लाव,” आजी म्हणाल्या. “चढ संपेपर्यंत मी बसते. पुढे चालेन. पैसे पूर्ण वाटेचे द्यायचे.” मुलाने वाद घातला नाही.

वाट सुरूच्या झाडांतून वर चढते. अंधार विरळ होऊ लागला तशी दरीच्या पलीकडची शिखरे एकामागून एक उमटू लागली. इजेन हा एकटा डोंगर नव्हे. सुमारे २० किलोमीटर व्यासाच्या एका प्राचीन, खचलेल्या महाविवरात वाढलेल्या अनेक ज्वालामुखींचा तो समूह आहे. त्याच महाविवराच्या उतारांवर डच वसाहतीच्या काळापासून कॉफीचे मळे आहेत. राखेची माती पिकाला मानवते, हे आपल्याकडील काळ्या मातीच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. सह्याद्री आणि दख्खनचे पठारही ज्वालामुखीच्याच खडकाचे. फरक इतकाच की, आपल्याकडील अग्नी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास शांत झाला आणि येथील अजून जागा आहे. १८१७ मध्ये या विवरात स्फोट होऊन चिखलाचे लोट खालच्या वस्त्यांपर्यंत गेले होते.

चढ संपतो तेथे ‘पोंदोक बुंदर’, म्हणजे गोल झोपडी, या नावाची जुनी इमारत आहे. येथे गंधकाचे वजन होते. आजी गाडीतून उतरल्या आणि आजोबांची पावले मात्र काट्याजवळ थबकली. पन्नास वर्षे काट्यासमोर बसलेल्या माणसाला तेथून पुढे जाणे अवघडच होते.

एक कृश मनुष्य कावड घेऊन आला. बांबूच्या पट्ट्यांचा लवचिक दांडा आणि दोन्ही टोकांना पिवळ्याधमक ढेपांनी भरलेल्या टोपल्या. काट्यावर ७८ किलो भरले. वाटाड्या म्हणाला की, साधारण ७० ते ९० किलोंचे ओझे असते आणि दिवसाला दोन खेपा होतात. विवराच्या तळापासून कडेपर्यंत दगडांची उभी वाट चढायची आणि मग ३ किलोमीटर उतरायचे. मोबदला किलोवर मिळतो. गेल्या काही वर्षांत तो किलोमागे हजार-सव्वा हजार रुपिया, म्हणजे आपल्या चलनात सहा-सात रुपयांच्या आसपास आहे. आजोबांनी मनातल्या मनात गुणाकार केला. दोन खेपांचे दीडशे किलो, दिवसाचे जेमतेम हजार रुपये.

कावडवाल्याची परवानगी घेऊन महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने दांड्याखाली खांदा दिला. टोपल्या जमिनीवरून चार बोटे उचलल्या गेल्या आणि पुन्हा खाली टेकल्या. कावडवाला हसला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर दांड्याच्या जागी मांसाचे कठीण गोळे आले होते. आजोबा हसले नाहीत. गुळाचे रवे उचलणारे माथाडी त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, प्रत्येक पट्टीवर ‘हमाली’ आणि ‘तोलाई’ या दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या ओळीतला आकडा त्यांना पाठ होता. त्या आकड्याचा खांदा त्यांनी आज प्रथमच निरखून पाहिला.

शेवटचा किलोमीटर आजी सुनेच्या हाताला धरून चालल्या. गाडीवाले रिकामी गाडी घेऊन मागून येत राहिले. कडेवर पोहोचेपर्यंत ऊन पसरले होते आणि समोर विवर उघडले.

जवळजवळ किलोमीटरभर लांबीचे, सुमारे २०० मीटर खोल, हिरवट निळ्या रंगाचे तळे. आजूबाजूला राखाडी, निर्जन कडे. तळ्याचे सौंदर्य फसवे आहे. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २ असतो, या पाण्याचा ०.५ हूनही कमी आहे आणि सामूचा एक अंक घटला की आम्लता दहापट वाढते. जगातील तीव्र आम्लयुक्त विवर-सरोवरांत हे सर्वांत मोठे मानले जाते. काठाला एका बाजूने पांढऱ्या धुराचे लोट उठत होते. तेथे भेगांतून येणारा वायू नळांतून वळवला जातो. नळात तो थिजतो, रक्तासारखा तांबडा द्रव होऊन ठिबकतो आणि निवल्यावर पिवळा धोंडा बनतो. तोच पहारीने फोडून टोपलीत भरायचा. वारा फिरला की धूर माणसांना गिळतो. प्रवाशांना वाटाडे वायुरोधक मुखवटे देतात. कित्येक कावडवाले मात्र तोंडात ओला फडका धरून काम करतात.

विवराच्या तळाकडे उतरणाऱ्या वाटेवर प्रवाशांना मनाई करणारी पाटी आहे. पुष्कळ जण ती ओलांडून उतरतात. या कुटुंबाने कडेवरच बसणे पसंत केले. सूर्योदयाला दोन घटका होऊन गेल्यावर आजींनी डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पहिल्या दशम्या तिघा गाडीवाल्यांच्या आणि वाटाड्याच्या हातावर गेल्या.

उतरल्यावर वाटाड्याने जीप पश्चिमेच्या रस्त्याला घेतली. पाल्तुदिंगहून काही किलोमीटरवर रस्त्यालगतच बान्यु पाहितचा धबधबा आहे. विवरातील तळ्याचे पाणी पश्चिमेकडील खडकातून झिरपते, तेच येथे कड्यावरून कोसळते. तळ्याची पातळी ताब्यात ठेवण्यासाठी डचांनी बांधलेला बांध अजूनही त्या बाजूस उभा आहे. धबधबा दुरून आपल्याकडील पावसाळी धबधब्यांसारखाच दिसतो. जवळ गेल्यावर खडकांवरचा पिवळट पांढरा थर आणि नाकाला झोंबणारा दर्प जाणवतो. काठावर शेवाळाचा हिरवा पट्टा नाही, पाणी प्यायला पाखरू उतरत नाही.

धाकट्या नातीने विचारले, “आजी, हे पाणी गाळून घेतले तर चालेल का?” आजींच्या पिशवीत गाळण्याचे वस्त्र नेहमीच असते. त्या म्हणाल्या, “गाळणे पाण्यातले जीव वाचवण्यासाठी असते, बाळ. पाण्याचा कडूपणा त्याने जात नाही.”

वाटाड्याने नदीची पुढची हकीकत सांगितली. डोंगर उतरल्यावर तिचे नाव ‘बान्युपुतिह’, म्हणजे पांढरे पाणी, असे होते. उत्तर किनाऱ्याजवळच्या असेम्बागुस भागात तिच्या पाण्यावर शेती होते. त्या पाण्यातील फ्लोराइडमुळे तेथील लोकांच्या दातांवर डाग पडतात, हे संशोधकांनी नोंदवलेले आहे. तेथे ऊसही होतो, साखर कारखानाही आहे.

“आणि हा गंधक कुठे जातो?” आजोबांनी विचारले. पुष्कळसा कारखान्यांत, वाटाड्या म्हणाला. औषधे, रसायने, आणि साखर पांढरी करण्यासाठीही.

आजोबांना हे नवे नव्हते. महाराष्ट्रातील बहुतेक कारखान्यांतही उसाचा रस गंधकाच्या धुराने शुद्ध करूनच पांढरी साखर बनते. आपल्याकडचा गंधक मुख्यतः तेलशुद्धीकरणातून किंवा आयातीतून येतो, इजेनच्या कावडीतून नव्हे. तरीही त्यांनी नातवंडांना जवळ बोलावून ही सारी क्रिया समजावून दिली. ग्राहकाला साखर शुभ्र हवी, गूळ पिवळाधमक हवा. भाव रंगावर ठरतो. तो रंग आणण्यासाठी कोणाच्या छातीत काय जाते, हे बाजारात कोणी विचारत नाही, हे सांगताना त्यांचा स्वर काहीसा खाली आला. “आपणही विचारले नाही,” ते म्हणाले.

निरोपाच्या वेळी मुलाने ठरल्याप्रमाणे पूर्ण भाडे मोजून दिले. गाडीवाल्यांपैकी सर्वांत वयस्क मनुष्याने गंधकाचे साच्यात ओतलेले छोटे कासव नातीच्या हातावर ठेवले. विमानात ते नेऊ देणार नाहीत, हे वाटाड्याने आधीच सांगितले होते. म्हणून ते मनापासून पाहून, दोन्ही हातांनी परत करण्यात आले.

इजेनला जाऊ इच्छिणाऱ्यांनी थंडीचे कपडे, पकड असलेली पादत्राणे, मुखवटा आणि स्वतःचे पाणी जवळ ठेवावे. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी हा चढ टाळावा. गाडी ठरवल्यास भावात ओढाताण करू नये. आणि वाटेत मागून ‘कर्र-कर्र’ असा दांड्याचा आवाज आला तर छायाचित्र राहू द्यावे, आधी बाजूला होऊन वाट द्यावी. ओझे घेतलेल्या माणसाला मध्येच थांबणे आणि पुन्हा चालू लागणे हेच सर्वांत जड असते.