गल्लीतले आकाशकंदील
दिवाळीत गल्लीतले आकाशकंदील टिपायचे असतील, तर काळोख दाटण्याची वाट पाहू नका. सूर्यास्तानंतर थोडा वेळ आभाळात निळाई असते. तेव्हा कंदिलाचा रंग छायाचित्रात नीट उतरतो आणि पायाखालची पायरीही दिसते. वयोमानाने डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी विस्फारत नाही, नजर स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून चालताना मोबाईल खिशात ठेवा. थांबून, भिंतीला टेकूनच छायाचित्र घ्या.

अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईसाठी मी अशी छायाचित्रे आणतो. ती कंदील नव्हे, दारे पाहते. गेल्या दिवाळीत एका अंधाऱ्या दारावर बोट ठेवून तिने विचारले, ‘‘इथे कंदील का नाही?’’ त्या घरी दुखवटा होता. आईच्या सांगण्यावरून मी तिथे फराळाचा डबा पोहोचवला. आपल्या वडीलधाऱ्यांनाही छायाचित्रे दाखवा, आणि त्यांना विचारू द्या.