खजरान्यातलं चाक

खजरान्याला अहिल्याबाईंनी बांधलेल्या गणपतीचं दर्शन झालं की आम्ही थेट घरी येतो. या बुधवारी मात्र मी बाबांना एका भंगारवाल्याकडे नेलं. त्याच्या दारात एक गंजलेलं चाक पडलेलं मी आधीच पाहून ठेवलं होतं. पंच्याहत्तरीची भेट! दुकानदार म्हणाला, "बाबूजी, महू का माल है, टँक का." भावही टँकचाच.

बाबा १९७१ साली सेंच्युरियनवर होते. त्याला दोन्ही बाजूंना सहा-सहा चाकांच्या जोड्या. टी-५५ ला पाच-पाच, पहिल्या दोन चाकांत जास्त अंतर. गुडघा धरत ते खाली बसले, चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"रबर कुठंय?"

या रणगाड्यांच्या चाकांना जाड रबरी धाव असते आणि जोडीच्या मधल्या फटीतून पट्ट्याचे दात सरकतात. हे नुसतं पोलाद, दोन्ही कडा उचललेल्या. बुलडोझरचा रोलर!

माझा चेहरा पडला. बाबा मात्र कितीतरी वेळ तिथेच बसून सेंच्युरियनबद्दल सांगत राहिले, आणि भंगारवाल्यानं चहा मागवला.

आता दिवाळीनंतर नगरला जायचंय. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे, आमचंच जाणं राहिलंय.