जानेवारीतलं वावर

डिसेंबरची २० तारीख आली की अमरावतीत गाडगेनगरच्या रस्त्याला माणसांची रीघ लागते. १९५६ साली याच दिवशी, अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. खेड्यापाड्यांतून बाया येतात, डोक्यावर पदर, हातात पिशवी. बापे येतात, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. त्यानंतर आठवडाभरात २७ तारीख. पापळ नावाच्या लहानशा गावात १८९८ साली या दिवशी पंजाबराव देशमुख जन्मले. इकडे अमरावतीत त्यांनी उभ्या केलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेत पोरांची लगबग, तिकडे अकोल्याला त्यांच्या नावाच्या कृषी विद्यापीठात कास्तकारांची. आणि या सगळ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, बहिरमची यात्रा भरलेली असते. राहुट्यांपुढे मातीच्या हंड्या चुलीवर रटरटत असतात, रोडग्यांचा खरपूस वास थंडीत खालीच रेंगाळतो. वऱ्हाडात सरत्या वर्षाला निरोप द्यायला ३१ तारखेची वाट पाहावी लागत नाही. त्याआधी दहा दिवस तो निरोप चालू असतो.

तरीही १ जानेवारीला मी डायरी उघडून बसते. लहानपणापासूनची सवय आहे, आणि मला ती मोडायची नाही.

कास्तकाराचं वर्ष पाडव्याला पालटतं. सालदाराचं साल तेव्हा ठरतं, हिशेब तेव्हा चुकते होतात, वखर-पाभरीकडे लक्ष तेव्हा जातं. जानेवारीत वावर अर्ध्यावर आलेलं असतं. पऱ्हाटीची पहिली, दुसरी वेचणी होऊन गेलेली, शेंड्याकडच्या बोंडांतून उरलासुरला कापूस डोकावत असतो. तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागलेल्या. गहू पोटरीत. हरभऱ्याला जांभळी फुलं आणि कोवळे घाटे एकाच डहाळीवर. अशा वावरात कोणी काही नव्यानं सुरू करत नाही. जे उभं आहे त्यातच शिरायचं, जे हाती लागतं ते वेचायचं, जे अजून भरायचं आहे त्याची राखण करायची. नव्या वर्षाच्या संकल्पांना यापेक्षा चांगला मुहूर्त मला माहीत नाही.

माझं बालपण अकोल्याचं. मोर्णेच्या काठचं, जुन्या शहरातल्या राजेश्वराच्या देवळाच्या हाकेवरचं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी यायच्या, तेव्हा आमची गल्ली रात्रभर झोपत नसे. वडील एका जिनिंगमध्ये लिखापढीला होते. डिसेंबरअखेर ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर कापसाचा पांढरा भुरा असायचा आणि काखेत नव्या वर्षाची डायरी, खाकी कागदात गुंडाळलेली. पहिली काही पानं माझी. त्यांवर मी संकल्प लिहायची: पाढे, पहाटे उठणं, अक्षर सुधारणं, नदीवर एकटीनं न जाणं. पुढची सगळी पानं आईची. ती संकल्प लिहीत नसे. ती लिहायची, तुरीची डाळ किती पायल्या भरली, तिखट कोणी दळून दिलं, कोणाच्या लग्नात कोणतं पातळ गेलं, मामाच्या गावाहून कोण कधी आलं. तेव्हा मला माझी पानं महत्त्वाची वाटायची. आता त्या डायऱ्यांतलं काही हाती धरावंसं वाटतं ते आईच्या पानांवरचं. तिनं वर्षाकडून काही मागितलं नव्हतं. वर्षानं जे आणून दिलं त्याची तिनं नोंद ठेवली. यंदाच्या डायरीत पहिल्या पानापासून मी तिच्यासारखं लिहिणार आहे.

नाताळची सुट्टी लागली की आम्ही मामाकडे जायचो. मामाचं गाव दर्यापूरच्या पलीकडे. अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी, तिथून शकुंतला. अडीच फूट रुंदीचा रूळ, त्यावर खेळण्यातल्यासारखे डबे आणि पुढे १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला जाई, दुसरा अचलपूरला. आम्ही अचलपूरच्या गाडीत. लाखपुरी, मग पूर्णा ओलांडायची, मग बनोसा, म्हणजे दर्यापूरचं स्टेशन. खिडकीतून हात बाहेर काढला तर बाभळीचे काटे लागतील इतकी गाडी झाडांना खेटून चालायची. आई ओरडायची, हात आत घे म्हणून, आणि स्वतः मात्र बाहेर पाहत राहायची. थंडीच्या स्वच्छ सकाळी उत्तरेला गाविलगडाचे डोंगर निळ्या रेघेसारखे दिसत. माहेर जवळ आलं हे तिला त्या रेघेवरून कळत असावं. १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, आणि पुढे अचलपूरची गाडीच थांबली. रूळ अजून आहेत, त्यांवर गवत आहे. ती गाडी पुन्हा धावावी म्हणून या भागातली माणसं निवेदनं देतात, रुळांवर बसतात. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. त्या गाडीनं लेकींना माहेरी नेलं, कापूस नेला, कॉलेजात जाणाऱ्या पोरींना घराबाहेर काढलं.

मामाचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत, हा पट्टा पसरला आहे. वरची माती काळीभोर, खोल, पाय ठेवला तर जिवंत वाटेल अशी. आणि खालचं पाणी खारं. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाला देता येत नाही. दिलं तर माती चोपण होते, टणक होऊन बसते. पिण्याचं पाणी तेव्हा लांबून आणावं लागे. मामाच्या घरी दोन रांजण होते. अंगणातला खाऱ्या पाण्याचा, धुण्याभांड्याला. आणि माजघरातला गोड्या पाण्याचा, त्यावर नेहमी लाकडी झाकण आणि झाकणावर पितळी गडू. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही जाळ घातला तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. म्हणून डाळीचं पाणी माजघरातल्या रांजणाचं. आजी ते गडूनं मोजून घालायची आणि वरणाला उकळी आली की पहिला वास आम्हा पोरांना घ्यायला लावायची. पाहुण्यांच्या पोरांना ती आंघोळीला खारं पाणीच द्यायची, पऱ्हाट्यांच्या जाळावर तापवून. साबणाला फेस यायचा नाही. अंग कोरडं, चरचरीत व्हायचं. पण वरण मात्र कधी कच्चं राहिलं नाही.

असल्या गावात हिवाळ्यात हिरवं काय असेल? हरभरा. मैलोगणती हरभरा. त्याला वरून पाणी कोणी देत नव्हतं, द्यायला गोडं पाणी होतं कुठं? पावसाळ्यात काळ्या मातीनं जे पाणी पोटात धरून ठेवलं, त्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर तो उभा राहायचा. आश्विनात पेरलेलं बी पुढचे सगळे महिने त्याच एका ओलीवर जगायचं.

आणि आंब. हे मला नीट सांगायचं आहे, कारण माझ्या मुलीनं ते पाहिलेलं नाही.

हरभऱ्याच्या पानांवर, घाट्यांवर बारीक लव असते आणि त्या लवेतून आंबट रस पाझरतो. हरभऱ्यातून चालून आलं की पोटऱ्यांना चुरचुरतं ते त्यामुळं. दिवस मावळला की आजी आजोबांचं जुनं धोतर घेऊन वावरात जायची. धोतर धुऊन धुऊन मऊ झालेलं, साबणाचा अंशही नसलेलं. ते ती हरभऱ्यावर पसरायची, अगदी पाळण्यातल्या लेकरावर दुपटं घालावं तसं, एकही फांदी न मोडता. चार कोपऱ्यांना चार ढेकळं. रात्रभर दव पडायचं, पानांवरची आंब त्यात विरघळायची, फडकं ते शोषून घ्यायचं. उजाडायच्या आत पुन्हा जायचं. सूर्य वर आला की सगळं उडून जातं. आजी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. दोघी उलट्या दिशेनं पीळ घालायच्या. पहिल्यांदा काहीच पडायचं नाही, फडक्यावर नुसती चकाकी यायची. मग एक थेंब, मग बारीक धार, खाली धरलेल्या काचेच्या वाडग्यात. माझी बोटं थंडीनं लाल, त्यांवर ते आंबट पाणी, नखाजवळ एखादा ओरखडा असला तर जीव कळवळायचा. आजी म्हणायची, ‘चाट.’ चाटलं की दात आंबायचे, डोळे आपोआप मिटायचे. ओळीनं काही रात्री असं केलं की एक बाटली भरायची. आधी ती आंब पाण्यासारखी दिसे, ठेवून ठेवून काळपट होई. पोट दुखलं, अपचन झालं, की पाण्यात थेंब थेंब. अख्खी आळी त्या बाटलीसाठी वाडगा घेऊन यायची आणि आजीनं कोणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. धोतर मात्र दोन-तीन हिवाळ्यांत विरून जायचं. आंबेनं सूत खाऊन टाकलेलं असायचं.

पन्नाशी ओलांडल्यावर संकल्प करताना मला त्या वावराचा आधार वाटतो. वरून घालायला माझ्याकडे फारसं काही नाही. जे आहे ते लहानपणी मुरलेलं: अकोल्याच्या गल्लीतलं, शकुंतलेच्या डब्यातलं, माजघरातल्या रांजणातलं. यंदा जे उगवून यावंसं वाटतं, ते त्या ओलीवरच येईल.

म्हणून १ फेब्रुवारीला मला दापुऱ्याला जायचं आहे. मूर्तिजापूर तालुक्यातलं हे गाव गाडगेबाबांचं आजोळ. जन्म शेंडगावचा, पण वडील गेल्यावर लहानगा डेबूजी आईबरोबर इथं आला. इथं त्यानं गुरं राखली, मामाच्या वावरात नांगर धरला, सावकाराच्या कर्जानं ते वावर कसं जातं हे डोळ्यांनी पाहिलं. आणि १ फेब्रुवारी १९०५ ला तो घर सोडून निघाला. त्यांच्या झाडूविषयी आपण बोलतो, कीर्तनाविषयी बोलतो. मला त्यांचं बालपण पुन्हा पुन्हा आठवतं. पुढं गावोगावच्या कीर्तनात ते लोकांना एकामागून एक प्रश्न विचारत: कर्ज काढून सण करता का, पोरं शाळेत घालता का, देवाला कोंबडं का कापता. ते प्रश्न दापुऱ्याच्या वावरात रुजले असणार, मामाचं शेत हातचं जाताना. माणूस मोठेपणी जे करतो त्याचं बियाणं कुठं पडलं हे ठाऊक असावं, निदान ती जागा तरी पायांनी पाहावी. आणि जाण्याआधीच्या सगळ्या सकाळी दारापुढचा रस्ता कोपऱ्यापर्यंत झाडायचा. ते मी सुरूही केलं आहे. शेजारच्या वहिनी परवा खराटा घेऊन आपल्या बाजूनं निघाल्या, मधे आमची गाठ पडली.

ग्रामगीता पूर्ण वाचायची आहे. तुकडोजी महाराजांचे ४१ अध्याय. आमच्या घरी ती देव्हाऱ्याशेजारी असे आणि वडील तिच्यातलं एखादं पान मोठ्यानं वाचत. सामुदायिक प्रार्थनेला मोझरीच्या गुरुकुंजात वडिलांच्या मांडीवर बसल्याचंही अंधूक आठवतं. रोज थोडं, आणि तेही मोठ्यानं, कारण ती ओवी कानानं वाचायची आहे.

आणि बोलायचं आहे. मुलगी पुण्याला शिकते, तिच्याशी मी आजवर पुस्तकी मराठीत बोलत आले. तिची आजी तिच्याशी वऱ्हाडीत बोलायची. आई गेल्यावर आमच्या घरातली ती भाषा मुकी झाली. सिनेमा-नाटकात वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की लोक हसायच्या तयारीनं बसतात, याचं मला वाईट वाटतं. या बोलीत माझ्या आजीनं मयतीच्या घरी बायांना धीर दिला आहे, आजारी लेकराला रात्रभर थोपटलं आहे. लेकीच्या कानावर ती पुढेही पडली नाही तर तिला माझ्या आजीचा अर्धा भाग कधी कळणारच नाही. आता तिचा फोन आला की मी म्हणते, ‘जेवली का वं माय?’ पहिल्यांदा ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘आई, पुन्हा म्हण.’

संक्रांतीआधी ती येते आहे. आम्ही दोघी दर्यापूरच्या एसटीनं मामीकडे जाणार. मामा आता नाहीत, वावर मामेभाऊ करतो. ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं, नळानं गोडं पाणीही आलं. पण हरभरा आहे. काल मामीला फोन केला. पंच्याहत्तरीची मामी फोनवर अजून पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारावी तसं बोलते.

‘हरभरा लय चांगला हाये यंदा,’ ती म्हणाली, ‘पन उशीर नको करजो. घाटे वायाले लागले का मंग आंब नाही उतरत. अन् फडकं तिकडूनच आनजो. सुतीच पाहिजे, टेरिकॉट नाही चालत. जुनं आनजो, नवं पानी नाही पेत. पोरीले सांगजो, सकायी पाचले उठा लागते, अन् पायात चप्पल नाही घालाची. सांभार आनजो जुडीभर, तुरीच्या सोल्याची भाजी करतो तिच्यासाठी. अन् तुह्या मायनं लिहून ठेवलेल्या त्या डायऱ्या हायेत ना, त्याही आनजो. मले वाचून दाखवजो. मी कवा आली होती अकोल्याले, काय नेलं होतं, सारं लिहेल असन तिनं.’