मातीचे बैल

मोहेंजोदडोच्या रस्त्यांवरून धान्य वाहणारी एकही बैलगाडी आज शिल्लक नाही. लाकूड कुजलं, दोर मातीत मिळाले. तरीही ती गाडी कशी होती हे आपल्याला ठाऊक आहे, कारण पोरांनी खेळायची भाजक्या मातीची गाडी मागे राहिली. पंजात मावेल एवढा साटा, काड्या खोचायला त्याच्या कडेनं भोकं, जाड भरीव चाकं, चाकाच्या मधोमध तुंब्याचा उंचवटा. आख लाकडाचा होता, तो गेला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या रहदारीची इतकी बोलकी साक्ष आपल्याला मिळाली, ती कुणा पोराच्या खेळण्यातून. त्या पोराचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

तिथेच एक बैल सापडला. त्याचं धड वेगळं, मुंडकं वेगळं. मानेतून दोरी ओवायची, मागून ओढायची, की बैल मान डोलावणार. पोकळ पोटाचे पक्षी सापडले, पाठीवरच्या भोकात फुंकलं की वाजणारे. आणि काही प्राणी असे ओबडधोबड, की ते मुलांनीच केले असावेत असं उत्खनन करणाऱ्यांनाही वाटलं. मला हेच सगळ्यात जवळचे वाटतात. ओल्या मातीचा गोळा घ्यायचा, चिमटीनं वशिंड वर ओढायचं, चारी पाय दाबून उभे करायचे, एक पाय आखूड राहायचा, आणि तो कलता बैलही कुणीतरी मायेनं भट्टीत बाकीच्यांबरोबर ठेवायचं. कुणी ठेवला असेल? आई, आजोबा, की शेजारचा कुंभार?

आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये धातूचा हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ निघाला. चौघांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. ही पोरांची खेळणी नव्हेत, मिरवणुकीत ओढत असावेत. पण रथाच्या दांडीवर घडवणाऱ्यानं एक कुत्रा उभा केला आहे. कुत्र्यावाचून गाडी निघायची नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत असणार.

घोड नदीवर, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथली पांढर उकरली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. इथल्या एका रांजणावर बैल जुंपलेल्या गाडीचं चित्र आहे. आणि घरांच्या जमिनीखाली दफनं आहेत, त्यांतली बहुतेक लहान मुलांची. दोन राखी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल, शेजारी वाडगा आणि तोटीचं भांडं. गावाबाहेर नाही, घरातच. वरची जमीन पुन्हा चोपून सारवली असेल. तिथेच चूल पेटली असेल, धाकटं भावंड रांगलं असेल. उत्खननाचे अहवाल कोरडे असतात, तसेच असायला हवेत. पण ही पानं मला एका दमात वाचवत नाहीत.

पोराची मातीची गाडी संस्कृत नाटकातही आली. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त चारुदत्ताचा मुलगा रोहसेन सोन्याच्या गाडीसाठी रडतो. शेजारच्या पोराकडे ती असते, याच्याकडे मातीची. गणिका वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते, आणि पुढे हेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताच्या जिवावर उठतात. एवढं सगळं नाट्य घडलं, पण नाटकाला नाव मिळालं ते पोराच्या गाडीचं.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं रांगेत उभी राहतात, घरोघर फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. तो अजून जोरात आहे, याचा मला फार आनंद आहे. आमच्याकडे मात्र पोळ्याला कुंभारणीकडून मातीची बैलजोडी यायची. आजी त्यांच्यापुढे पुरणाची पोळी ठेवायची, आणि पूजा उरकली की बैल आमच्या हवाली करायची. ओसरीवर त्यांना काड्यापेटीची गाडी जुंपायची. संध्याकाळपर्यंत एकाचं शिंग गेलेलं असायचं. आता बाजारात साच्यातले चकचकीत बैल येतात. रंग उडेल, टवका निघेल म्हणून ते पूजेनंतर कपाटात जातात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच बाहेर निघतात. पोरांच्या हाताला ते लागतच नाहीत. कुंभारणीची मुलं दुसऱ्या कामाला लागली. तिची जागा कुणी घेतली नाही.

शिंग मोडलं की आम्ही भोकाड पसरायचो, आणि आजी म्हणायची, रडू नको, पुढल्या पोळ्याला नवा आणू. असा वायदा इनामगावातल्या आयांनीही केला असेल. आणि त्यांतल्या कितीजणींच्या घरात नवा बैल घ्यायला पोर उरलं नसेल.