उजेड आधी, ऊब नंतर

हेलसिंकी 60 अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्याने डिसेंबरच्या अखेरीस तेथील दिवस सहा तासांहूनही लहान असतो. तरीही महाराष्ट्रातून तेथे स्थायिक झालेल्या माणसाचा खरा कस लागतो तो मार्चमध्ये. या महिन्यात दिवस रोज पाच-सहा मिनिटांनी वाढतो आणि विषुवदिनाला, म्हणजे दिवस व रात्र जवळजवळ समान होतात तेव्हा, तेथेही मुंबईइतकाच मोठा दिवस असतो; परंतु बर्फ बराचसा सूर्यप्रकाश परावर्तित करते, उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा ते वितळण्यातच खर्ची पडतो आणि हिवाळाभर गार झालेला समुद्र किनाऱ्यावरची हवा तापू देत नाही. डोळ्यांना दिसणारा वसंत अंगाला लागत नाही, आणि ओढ असह्य होते ती नेमकी या दिवसांत.

फिनलंडच्या हवामानशास्त्रात वसंत तारखेने ठरत नाही: दिवसाचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या वर जाऊन तेथे टिकले, की ‘औष्णिक वसंत’ सुरू झाला असे मानतात. हे टिकणे महत्त्वाचे, कारण ‘ताकाताल्वी’, म्हणजे गेल्यासारखा वाटून पुन्हा परतलेला हिवाळा, एप्रिलमध्येही रस्ते पांढरे करतो. म्हणून जाणकारांचा भरवसा बारीक खुणांवर असतो. पाय घसरू नये म्हणून पदपथांवर पसरलेली खडी झाडली जाऊ लागते, आणि उन्हाच्या उतारांवर ‘लेस्केनलेहती’ या रानवनस्पतीची पिवळी फुले पानांआधीच उमलतात.

गुढीपाडवा याच सुमारास येतो. पंचांगात चैत्र लागतो, पण खिडकीबाहेरच्या बर्च वृक्षांना पालवी नसते. महाराष्ट्रात वसंत हा उन्हाळ्याचा उंबरठा असल्याने त्याच्यासाठी कोणी झुरत नाही. डोळे लागतात ते पावसाची वर्दी देणाऱ्या मृगाकडे, जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो त्याच्याकडे. हेलसिंकीच्या वसंताचे खरे नाते चैत्राशी नसून या मृगाशी आहे: वळवाच्या सरीने हुरळून पेरणी न करणारा शेतकरी जे जाणतो, तेच एप्रिलच्या उन्हात लोकरी कपडे न आवरणाऱ्या तेथील गृहिणीला ठाऊक असते.

तरीही वाट पाहण्याला एक मर्यादा असते. 30 एप्रिलच्या संध्याकाळी बाजारचौकाजवळील ‘हाविस अमांडा’ या 1908 मध्ये उभारलेल्या पुतळ्याला विद्यार्थी पांढरी टोपी घालतात, आणि दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्र दिनाच्याच तारखेला, कैवोपुइस्तो उद्यानात माणसे उघड्यावर जेवायला बसतात, मग त्या दिवशी हिमकण पडत असले तरी.