आबांची पट्टी

तुळजापूरच्या आईचा गोंधळ घालणारे आमचे घर. आबा गेले, मागे त्यांची एक कॅसेट राहिली. त्यांची पट्टी उंच. माझा गळा तिथवर पोचेना. टेप हळू फिरवावी तर सूर उतरे, पण लयही रेंगाळे.

लेकाने गिटारसाठी स्वतः जोडलेली डबी पुढे केली. आत ‘एफव्ही-१’ नावाची चिप. ती आवाज सेकंदाला सुमारे ३२ हजार वेळा मोजून साठवते आणि संथपणे परत वाचते. एक वाचन मागे पडले की दुसरे पुढून सूर उचलते, झीलकऱ्यांसारखे. म्हणून सूर उतरतो, लय तीच राहते. किती उतरायचे, तो हुकूम आपण लिहून द्यायचा.

त्या रात्री आबांबरोबर गायलो. पण त्यांचा आवाज जाड, परक्याचा वाटला. सुराबरोबर गळाही बदलला होता! डोळे भरून आले.

गाणे पाठ झाले तशी डबी लेकाला परत दिली. तुणतुण्याची खुंटी माझ्या गळ्यापुरती सैल केली. नवरात्रात उभा राहिलो, तेव्हा लय आबांची होती, पट्टी माझी.