दादांचे काळे हात

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. वय ७४. येरवड्यात रस्त्याच्या कडेला त्यांनी ४० वर्षे सायकली दुरुस्त केल्या. पंक्चर, ओव्हरऑइलिंग आणि चाकाचा आऊट काढणे, यावर आमचे घर चालले. माझे बी.कॉम. त्यावरच झाले.

गेल्या दिवाळीत मुलीने हट्ट धरला, "पप्पा, आजोबांना सायकलींचे म्युझियम दाखवू या." पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेले हे संग्रहालय २०१७ साली सुरू झाले. शंभराहून अधिक जुन्या सायकली तिथे आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने बनवलेली घडीची सायकलही आहे. दोन नट सैल केले की तिची फ्रेम मधून दुमडते.

मी पाट्या वाचत होतो. दादा हात मागे बांधून, वाकून फ्रेमचे सांधे न्याहाळत होते. म्हणाले, "नळी खोबणीत बसवून पितळ पाजलंय. कुठं फुगवटा हाय का बघ. हात स्थिर व्हता त्या माणसाचा."

मुलगी म्हणाली, "पण आजोबा, ही तर कारखान्यात झाली."

"कारखान्यात बी हातच असत्यात, बाळा."

मग एका जुन्या सायकलीपाशी ते तिला समजावू लागले. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण भार मागे पडतो. रिंग डावीकडे ओढत असेल तर तिथली उजवीकडची तार आवळायची, तीही चावीचा पाव फेरा. घाई केली की चाक कायमचे बिघडते. बोलता बोलता चारपाच पोरे भोवती जमली.

मला मात्र आठवीतला एक दिवस आठवत होता. दादा फी भरायला शाळेत आले होते. हाताला ग्रीस, नखे काळी. मित्राने विचारले, "हे कोण रे?" मी म्हणालो, "आमच्या शेजारचे." दादांनी ते ऐकले. फी भरली आणि निघून गेले. आजवर त्यांनी तो विषय काढलेला नाही. मीही काढला नाही.

जमलेल्यांपैकी एका तरुणाने मला विचारले, "हे इथले माहितगार आहेत का?"

मी म्हणालो, "नाही. हे माझे वडील. सायकलचे मिस्त्री आहेत."

दादांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा तारांकडे वळले.

अमेरिकेत ह्यूस्टनला २००५ साली, तर इंग्लंडात ब्रिस्टलला २०११ साली हाताने बनवलेल्या सायकलींची प्रदर्शने सुरू झाली. अशा ठिकाणी कारागीर आपल्या सायकलीपाशी स्वतः उभा असतो. पुष्कळदा फ्रेमवर त्याचेच नाव असते. आपल्याकडे असा माणूस जन्मभर नुसता 'पंक्चरवाला' राहतो. परक्यांनी नाव विचारले नाही, याचा राग मला येतो. पण मी तर पोटचा मुलगा असून नाव चोरले होते.

परतताना बसमध्ये मुलीने वहीत आजोबांचे पूर्ण नाव लिहिले, खाली चाकाचा आऊट काढण्याची रीत. वाचकहो, तुमच्याही घरात असे काळे हात असतील. त्यांची विद्या त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा. आणि कोणी विचारलेच तर नाते खरे सांगा.